दहावीच्या विषयवार गुणांचा अंदाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या माध्यमिक शाळांचे विषयशिक्षक, वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्यासाठी हे पान आहे. चाचणी, सहामाही, पूर्वपरीक्षा आणि अंतर्गत गुण हातात असताना बोर्डाच्या परीक्षेत विद्यार्थ्याला साधारण किती गुण पडतील, हे कसं काढायचं, ते इथे आहे. आकडेमोड एक्सेल किंवा गुगल शीटवर होते. उदाहरणांतले आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत, ते तुमच्या शाळेला तसेच लावू नका.

अंदाज 100 पैकी काढायचा की 80 पैकी?

80 पैकी. बहुतेक गडबड इथेच होते, म्हणून हे आधी. भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे या सगळ्यांत 80 गुण लेखीचे आणि 20 गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांत लेखी 40-40 च्या दोन पेपरांत विभागलेलं असतं. अंतर्गत 20 गुण शाळाच देते, म्हणजे ते बोर्डाच्या परीक्षेआधीच ठरलेले असतात. जे ठरलेलं आहे त्याचा अंदाज कशाला करायचा? लेखी 80 चा अंदाज काढावा आणि शेवटी त्यात अंतर्गत गुण मिळवावेत.

एकत्र 100 धरून हिशेब केला की आणखी एक तोटा होतो. जवळजवळ सगळ्या मुलांना अंतर्गतमध्ये 16 ते 20 मिळालेले असतात, त्यामुळे कच्चं मूल आणि बरं मूल यांच्यातलं अंतर कागदावर कमी दिसतं. पूर्वपरीक्षेत 80 पैकी 19 असलेला मुलगा अंतर्गत 17 धरून 36 वर जातो आणि ‘पास आहे’ म्हणून यादीतून सुटतो. त्याचं खरं दुखणं त्या 19 मध्ये आहे.

कोणती माहिती गोळा करावी?

एका विषयासाठी एक शीट, एका विद्यार्थ्याची एक ओळ. रकाने असे : वर्ष, हजेरी क्रमांक, पहिली घटक चाचणी (20 पैकी), सहामाही लेखी, पूर्वपरीक्षा लेखी (80 पैकी), अंतर्गत (20 पैकी), बोर्डाचे लेखी गुण.

शेवटचा रकाना मागच्या वर्षांच्या मुलांसाठी भरायचा. गुणपत्रिकेवर विषयाचे एकत्रित गुण असतात, त्यातून शाळेने मंडळाकडे पाठवलेले अंतर्गत गुण वजा करावेत. त्यासाठी अंतर्गत गुणांच्या पाठवलेल्या तक्त्यांची प्रत जपून ठेवलेली हवी. बीजगणित आणि भूमितीचे वेगवेगळे गुण या वजाबाकीतून निघत नाहीत, त्यामुळे गणिताचा अंदाज दोन्ही भाग मिळून 80 पैकीच करावा लागतो. पूर्वपरीक्षेचे गुण मात्र भागवार लिहून ठेवा. शिकवण्याच्या दृष्टीने त्यांचा उपयोग अंदाजापेक्षा जास्त आहे.

नावं शीटमध्ये लिहू नका. हजेरी क्रमांक पुरतो.

प्रत्यक्ष हिशेब कसा करायचा?

आधी सगळे गुण टक्क्यांत आणा. समजा एका मुलीला विज्ञानात घटक चाचणीत 20 पैकी 11, सहामाहीत 80 पैकी 38 आणि पूर्वपरीक्षेत 80 पैकी 44 आहेत. म्हणजे 55, 47.5 आणि 55 टक्के.

मग भार द्या. सुरुवातीला पूर्वपरीक्षेला 60, सहामाहीला 30 आणि घटक चाचणीला 10 टक्के भार ठेवावा. 33 + 14.25 + 5.5 मिळून 52.75 टक्के होतात, म्हणजे 80 पैकी 42.2. याला आपण भारित गुण म्हणू.

भारित गुण म्हणजे अंदाज नव्हे. पूर्वपरीक्षा आणि बोर्ड यांच्या मधल्या दीड महिन्यात मुलं अभ्यास करतात, शाळेचे पेपर तपासण्याची पद्धत बोर्डापेक्षा वेगळी असते, सहामाहीपर्यंत निम्माच अभ्यासक्रम झालेला असतो. ही सगळी तफावत मागच्या वर्षांच्या मुलांवरून मोजायची. त्यांचे भारित गुण एका रकान्यात, बोर्डाचे लेखी गुण शेजारच्या रकान्यात. शीटमधली ‘स्लोप’ (SLOPE) आणि ‘इंटरसेप्ट’ (INTERCEPT) ही दोन सूत्रं त्यावरून दोन आकडे देतात : भारित गुण एकाने वाढले की बोर्डाचे गुण सरासरी कितीने वाढतात तो स्लोप, आणि त्यात शेवटी मिळवायचा ठरावीक आकडा तो इंटरसेप्ट. सूत्रात आधी बोर्डाच्या गुणांचा रकाना द्यायचा आणि नंतर भारित गुणांचा. हा क्रम उलटला तरी शीट चूक दाखवत नाही, गुपचूप भलतेच आकडे देते.

समजा स्लोप 0.75 आणि इंटरसेप्ट 18 आला. मग त्या मुलीचा अंदाज 42.2 × 0.75 + 18, म्हणजे सुमारे 50. अंतर्गत 18 असतील तर 100 पैकी 68.

आता ‘स्टेयएक्स’ (STEYX) हे तिसरं सूत्र त्याच दोन रकान्यांवर, त्याच क्रमाने लावा. अंदाज साधारण किती गुणांनी चुकतो ते यातून कळतं. ते 6 आलं तर अंदाज 68 असा न लिहिता 62 ते 74 असा लिहा. एवढ्या पट्ट्यात दहापैकी साधारण सात मुलं बसतात. दहापैकी नऊ बसवायची असतील तर 6 ला 1.65 ने गुणा, म्हणजे पट्टा दोन्ही बाजूंना 10 गुणांचा होतो. हा पट्टा फार रुंद वाटतो, पण एका विषयाच्या गुणांबाबत याहून नेमकं कुणी सांगत असेल तर त्याला हिशेब विचारा.

वर्गात पहिली येणारी मुलं अंदाजात खाली का येतात आणि मागची वर का जातात?

स्लोप 1 पेक्षा कमी असतो म्हणून. वरच्याच सूत्राने 24 भारित गुणांच्या मुलाचा अंदाज 36 येतो, म्हणजे 12 ची वाढ. 40 वाल्याचा 48 येतो. 70 वाल्याचा जेमतेम 70.5. यात कुणावर अन्याय नाही. कोणत्याही एका परीक्षेतल्या खूप चांगल्या गुणांत थोडा नशिबाचा वाटा असतो : नेमके केलेले प्रश्न आले, त्या दिवशी तब्येत बरी होती. खूप कमी गुणांतही तसाच वाटा असतो, उलट बाजूचा. पुढच्या परीक्षेत तो वाटा पुन्हा तसाच पडेल असं नाही, म्हणून दोन्ही टोकं सरासरीकडे सरकतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये आईवडिलांची आणि मुलांची उंची ताडून हेच दाखवलं होतं. शिवाय 80 च्या वर जागाच नाही, त्यामुळे 74 च्या मुलीला वाढायला सहा गुण आणि घसरायला 74.

म्हणून ‘प्रत्येकाच्या पूर्वपरीक्षेच्या गुणांत 8 मिळवा’ हा सरसकट आडाखा चुकतो. मधल्या मुलांना तो जमतो, दोन्ही टोकांना फसतो.

नुसत्या पूर्वपरीक्षेवरून अंदाज काढला तर चालेल?

बऱ्याच अंशी चालतो. शेवटच्या परीक्षेच्या सगळ्यांत जवळची परीक्षा सगळ्यांत जास्त सांगते. पोर्तुगालमधल्या दोन शाळांच्या विद्यार्थ्यांची माहिती पाउलो कॉर्टेझ आणि अलिस सिल्वा यांनी 2008 मध्ये मांडली, ती आजही जगभर सरावासाठी वापरतात. त्यात गणिताच्या 395 विद्यार्थ्यांचे पहिल्या टप्प्याचे गुण आणि अंतिम गुण यांचा सहसंबंध (दोन आकडे किती बरोबरीने वरखाली होतात त्याचं माप, 1 म्हणजे तंतोतंत, 0 म्हणजे काहीच संबंध नाही) सुमारे 0.8 आहे, दुसऱ्या टप्प्याचा सुमारे 0.9. पालकांचं शिक्षण, प्रवासाचा वेळ, मोकळा वेळ अशी पुष्कळ माहितीही त्यात आहे, पण दोन परीक्षांचे गुण हाताशी असले की तिची भर थोडीच पडते.

सहामाही तरीही सोडू नये. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात मूल आजारी असेल तर सहामाही त्याची बाजू सांभाळते. पहिली घटक चाचणी मात्र गणपतीच्या आधी, पावसात, दोन-तीन धड्यांवर होते. तिला 10 टक्क्यांहून जास्त भार देण्यासारखं तिच्यात काही नसतं.

आमच्या वर्गात 19 च मुलं आहेत. एवढ्यावर सूत्र निघेल?

वाड्यावस्त्यांवरच्या बहुतेक शाळांचा हाच प्रश्न आहे. 19 मुलांवर काढलेला स्लोप एकदोन मुलांमुळे सहज 0.6 चा 0.9 होतो. तीन मार्ग आहेत.

पहिला, दोन-तीन वर्षांची मुलं एकत्र करा. त्यासाठी पूर्वपरीक्षेचा पेपर दरवर्षी साधारण सारख्या काठिण्याचा हवा.

दुसरा मार्ग आम्हाला जास्त पटतो : तालुक्यात एकच पूर्वपरीक्षेचा पेपर घेणाऱ्या चार-पाच शाळांनी आकडे एकत्र करावेत. शंभरेक मुलं झाली की सूत्र स्थिर होतं. पण शाळाशाळांत तपासणीचा हात वेगळा असतो, म्हणून प्रत्येक शाळेची दुरुस्ती करावी लागते. तुमच्या मागच्या 20 मुलांना एकत्रित सूत्रापेक्षा सरासरी 3 गुण जास्त मिळाले असतील तर ते 3 पूर्ण मिळवू नका. मुलांची संख्या भागिले मुलांची संख्या अधिक 10, या प्रमाणात मिळवा : 20 भागिले 30, म्हणजे 3 पैकी 2 गुण. संख्या लहान तेवढा तुमच्या वेगळेपणावरचा विश्वास कमी, एवढंच त्यामागचं कारण. हा 10 म्हणजे ढोबळ ठोकताळा आहे. शाळाशाळांत खूपच फरक दिसत असेल तर तो 5 वर आणा.

तिसरा, रकाने वाढवू नका. साधारण पंधरा मुलांमागे एक रकाना, याहून जास्त रकाने सूत्रात घातले की सूत्र मागच्या मुलांची नक्कल करतं आणि यंदाच्या मुलांवर आपटतं.

मग मशीन लर्निंगचं ॲप वापरावं का?

साठ-सत्तर ओळींसाठी नको. त्या पद्धतींना हजारो ओळी लागतात. शिवाय शीटमधला हिशेब पालकसभेत फळ्यावर करून दाखवता येतो, ॲपचा दाखवता येत नाही. मुलांचे गुण बाहेरच्या सर्व्हरवर चढवणं हा वेगळाच प्रश्न आहे.

जुनी कोणती वर्षं घ्यावीत, कोणती टाळावीत?

मार्च 2019 टाळा. त्या वर्षी नवा अभ्यासक्रम पहिल्यांदा आला, भाषांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. 2020 ला अंतर्गत गुण परत आले, पण टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले. म्हणून 2020 ची सामाजिक शास्त्रे वगळा, बाकी विषय चालतील. 2021 पूर्ण वगळा : परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाचे 50, दहावीच्या अंतर्गत लेखीचे 30 आणि गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20 असा निकाल लावला गेला. 2022 मध्ये अभ्यासक्रम 25 टक्के कमी होता, 80 गुणांच्या पेपरला अर्धा तास जास्त होता आणि केंद्र आपापल्या शाळेत होतं, तेव्हा तेही सोडलेलं बरं. 2023 पासूनची वर्षं वापरण्याजोगी आहेत.

गैरहजर मुलाला शून्य धरायचं का?

कधीच नाही. रकाना रिकामा ठेवा. शीटमध्ये शून्य लिहिलं की ते खरे गुण धरले जातात आणि अशा दोन शून्यांनी स्लोप पार झोपतो. वरच्या पोर्तुगीज माहितीतही गणितात अंतिम गुण शून्य असलेली बरीच मुलं आहेत, त्यांना आधीच्या टप्प्यांत गुण होते. तिथेही सगळे हिशेब या शून्यांवर अडखळतात.

पूर्वपरीक्षेला गैरहजर असलेल्या मुलाचा अंदाज फक्त सहामाहीवरून काढा, पण त्यासाठी वेगळा स्लोप आणि इंटरसेप्ट लागतो आणि पट्टाही रुंद होतो. भारित गुणांचं सूत्र तिथे तसंच लावू नये. वर्षाच्या मध्येच मुंबईहून गावच्या शाळेत आलेल्या मुलाचंही तेच : त्याच्या आधीच्या शाळेची सहामाही तुमच्या सहामाहीशी ताडू नका, पूर्वपरीक्षेवरच थांबा.

अंतर्गत गुणांवरून लेखीचा अंदाज येतो का?

फारसा नाही. सगळ्यांना 17 ते 20 असतील तर त्या रकान्यात सांगण्यासारखं काही उरत नाही. ‘कोरेल’ (CORREL) सूत्राने सहसंबंध काढून पाहा, 0.3 च्या आसपास किंवा खाली असेल तर तो रकाना सोडून द्या.

याच वीस गुणांच्या मागे असलेल्या वह्या मात्र बोलतात. विज्ञानाच्या प्रयोगवहीत निरीक्षणांच्या तक्त्यातले आकडे पाहा. पाच जणांच्या वह्यांत एकाच प्रयोगाची तीच वाचनं, तोच खोडलेला आकडा असेल, तर त्या पाचांपैकी चौघांचे 19 गुण त्यांचे स्वतःचे नाहीत. गृहपाठ किती वेळा वेळेवर आला, हा साधा आकडा अंतर्गत गुणांपेक्षा उपयोगी निघतो. ठेवायचाच असेल तर तो रकाना ठेवा.

हजेरीचा रकाना घ्यावा का?

जून ते ऑगस्टची हजेरी घेऊ नका. अतिवृष्टीच्या इशाऱ्याने शाळा बंद राहते, पऱ्ह्याला पाणी आलं की पलीकडच्या वाडीतली मुलं येऊच शकत नाहीत, वस्तीची एसटी चुकली की अख्खा गट गैरहजर. या गैरहजेरीत मुलाच्या अभ्यासाबद्दल काही नसतं. गणपतीच्या सुट्टीच्या दोन्ही बाजूंचे चार-चार दिवसही सोडा. दिवाळीनंतरची, नोव्हेंबर ते जानेवारीची हजेरी घ्या, आणि तीही शाळा प्रत्यक्ष भरलेल्या दिवसांपैकी. त्या काळात 75 टक्क्यांच्या खाली गेलेलं मूल सूत्राच्या अंदाजाहून खाली जाण्याची शक्यता मोठी. घरी काजू-आंब्याची राखण किंवा मासळीचं काम अंगावर पडलंय का, याची चौकशी वर्गशिक्षकाने घरी जाऊन करावी.

शिमग्याचा परिणाम हिशेबात धरता येतो?

सूत्रात नाही, वेळापत्रकात येतो. 2025 ची दहावीची परीक्षा 21 फेब्रुवारी ते 17 मार्च होती आणि होळी 13 मार्चला. सामाजिक शास्त्रांचे पेपर शेवटी असतात, म्हणजे ते थेट शिमग्यात आले. घरी चाकरमानी आलेले, दारात पालखी, रात्री ढोल. होळीची तारीख दरवर्षी सरकते, त्यामुळे एका वर्षी सामाजिक शास्त्रांत दिसलेली घसरण पुढच्या वर्षी दिसेलच असं नाही आणि तिच्यावरून कायमची दुरुस्ती करता येत नाही. तारखा जाहीर झाल्या की कॅलेंडर समोर ठेवा. शेवटचे दोन पेपर शिमग्यात येत असतील तर इतिहास-भूगोलाची उजळणी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच उरकून घ्या.

एकूण टक्केवारीचा अंदाज कसा काढायचा?

टक्केवारी सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांवर, 500 पैकी निघते. प्रत्येक विषयाचा अंदाज स्वतंत्र काढून त्यातले वरचे पाच मिळवा. यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

विषयवार चुका काही अंशी एकमेकींना खातात. प्रत्येक विषयात 6 गुणांची चूक असेल आणि त्या चुकांचा एकमेकींशी संबंध नसेल, तर पाच विषयांच्या बेरजेत चूक 30 न होता 6 गुणिले 5 चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे 13.4 होते. 500 पैकी 2.7 टक्के. प्रत्यक्षात परीक्षेच्या काळात ताप आला तर सगळेच विषय एकदम घसरतात, म्हणून 3 ते 4 टक्के धरणं शहाणपणाचं.

दुसरं, असा अंदाज किंचित कमी येतो. आज सहावा वाटणारा विषय प्रत्यक्ष निकालात पाचात येऊ शकतो आणि बोर्ड तेव्हाचे सर्वांत चांगले पाच घेतं. सहाही विषय जवळजवळ सारखे असलेल्या मुलात हा फरक जास्त दिसतो.

चित्रकला, क्रीडा, लोककला यांचे वाढीव गुण विषयाच्या अंदाजात मिसळू नका. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीनुसार ए ला 7, बी ला 5 आणि सी ला 3 गुण मिळतात. ते शेवटी, एकूण बेरजेत वेगळे दाखवा.

कोकण विभागाचा निकाल नेहमी वर असतो. त्यासाठी काही गुण वाढवावेत का?

नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून 2012 पासून स्वतंत्र असलेला हा विभाग उत्तीर्णांच्या टक्केवारीत राज्यात पहिला येतो. 2024 ला 99.01, 2025 ला 98.82 टक्के. पण ही पास होणाऱ्यांची टक्केवारी आहे, गुणांची नव्हे. 35 वाला आणि 95 वाला तिच्यात सारखेच मोजले जातात. विभागाचं वेगळेपण असेल तेवढं तुमच्या मागच्या मुलांच्या आकड्यांत आधीच आलेलं आहे. पुन्हा गुण वाढवले तर ते दोनदा मोजल्यासारखं होईल.

हा अंदाज मुलांना आणि पालकांना सांगावा का?

आकडा सांगू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ‘तुझे 52 येतील’ हे ऐकलेलं मूल 52 चाच अभ्यास करतं, आणि 88 ऐकलेल्याच्या घरी 88 हा ठरलेला भाव होतो. पालकांना विषय सांगा, प्रकरण सांगा, पुढच्या चार आठवड्यांत काय करायचं ते सांगा. आकडा शिक्षकांच्या खोलीत राहू द्या.

अंदाजावरून निर्णय घेताना किती जपायला हवं याचं मोठं उदाहरण इंग्लंडमध्ये घडलं. 2020 मध्ये परीक्षा रद्द झाल्यावर तिथे शाळांचे मागचे निकाल धरून सूत्राने श्रेणी दिल्या गेल्या. 13 ऑगस्टला निकाल लागला आणि चारच दिवसांत, 17 ऑगस्टला, ते सूत्र मागे घेऊन शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी ग्राह्य धरल्या गेल्या. आपली शाळा आजवर कमी गुणांची राहिली म्हणून तिथल्या हुशार मुलीचे गुण कमी धरणं, हे कोणत्याही सूत्राने करू नये.

मग उपयोग काय?

जानेवारीत कुणाच्या शेजारी बसायचं ते ठरवायला. तीन याद्या करा. ज्यांच्या पट्ट्याचं खालचं टोक, अंतर्गत गुण धरून, 35 च्या खाली जातं त्यांची पहिली. पूर्वपरीक्षेत सहामाहीच्या तुलनेत टक्केवारी दहाहून जास्त घसरलेल्यांची दुसरी : या मुलांच्या बाबतीत अभ्यासाबाहेरचं काहीतरी बिघडलेलं असण्याची शक्यता असते. तिसरी यादी गणित-विज्ञानात एक भाग चांगला आणि दुसरा पडलेल्यांची. भूमितीत 40 पैकी 9 आणि बीजगणितात 27 असेल तर चार आठवड्यांत प्रमेयं आणि रचना एवढंच घेतलं तरी गुण हलतात.

अंदाज बरोबर आला की नाही, हे कसं तपासायचं?

पूर्वपरीक्षेनंतरची शीट फेब्रुवारीत तारीख घालून बंद करा, नंतर तिला हात लावू नका. निकाल लागला की प्रत्येक मुलाच्या खऱ्या लेखी गुणांतून अंदाज वजा करून फरक काढा, उणे-अधिक चिन्हं सोडून सरासरी घ्या. शेजारी एक अगदी साधा अंदाजही तपासा : पूर्वपरीक्षेचे गुण अधिक मागच्या वर्षीची सरासरी वाढ. तुमचं सूत्र या साध्या अंदाजाहून कमी चुकत नसेल तर साधाच वापरा.

चिन्हांसकटची सरासरीही पाहा. ती शून्यापासून दूर, समजा अधिक 5 असेल, तर सगळ्याच मुलांना तुम्ही धरल्यापेक्षा जास्त गुण मिळाले आहेत. बहुतेक वेळा यंदाचा पूर्वपरीक्षेचा पेपर जास्त कठीण होता किंवा तपासणारे शिक्षक बदलले, हे त्याचं कारण निघतं. पेपर कुणी काढला आणि कुणी तपासला यासाठी शीटमध्ये दोन रकाने आताच वाढवून ठेवा. पुनर्मूल्यांकनात कुणाचे गुण बदलले तर ते बदललेले गुण भरा, आणि मगच ती मुलं पुढच्या वर्षीच्या सूत्रात घ्या.